तापाच्या आडून येणारा महारोग



कुष्ठरोगावर बोलायला या व्यासपीठावर एखाद्या डॉक्टराने उभे राहावे, कामगार संघटनेच्या माणसाचे तिथे काय काम, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही झाले ते गेटसभांत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांचे कागद मांडीवर घेऊन दवाखान्यांच्या ओसरीवर बसून झाले. तेव्हा वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. आमचा अधिकार एवढाच की, गेली तीस वर्षे आम्ही हातांचा हिशेब ठेवीत आलो आहोत.

मजुराच्या घरी जमीन नसते, ठेव नसते, दुकान नसते. भांडवल म्हणून असतात ते दोन हात. यंत्रात सापडून बोट गेले तर त्याच्या भरपाईला कायदा आहे, कोष्टक आहे. कोणते बोट किती पेरांनी गेले म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, हे त्या कोष्टकात छापलेले आहे. परंतु आम्ही असेही हात पाहिले आहेत, की जे कोणत्याही यंत्रात सापडले नाहीत. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, औषध सरकारी खर्चाने फुकट मिळत होते, माणूस औषध घ्यायला राजी होता. तरी हात गेला. गेला तो रोगाचे नाव वेळेवर कोणी घेतले नाही म्हणून. त्या हातांविषयी आज बोलायचे आहे.

कुष्ठरोगाची ओळख आपणां सर्वांना भिंतीवरच्या चित्रांनी करून दिलेली आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर स्पर्श कळत नाही. ही ओळख खरी आहे आणि तिने लाखो माणसांचे भले केले आहे. पण तिच्या पोटी एक चुकीची समजूतही जन्माला आली. ती अशी की, जे दुखते ते कुष्ठरोग नव्हे. ज्याच्याबरोबर ताप येतो, सांधे धरतात, अंग सुजते, तो दुसराच काही आजार. ही समजूत तुमच्या-आमच्यापुरती असती तर निभावले असते. ती कित्येकदा औषध देणाऱ्यांच्याही मनात बसलेली असते, आणि मग माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो.

आमच्या पाहण्यातली दोन उदाहरणे सांगतो. नावे सांगणार नाही. ती सांगण्याची गरजही नाही.

पहिला गृहस्थ यंत्रमागावर काम करणारा, वय तिशीच्या आसपास. त्याला संध्याकाळी ताप भरू लागला. घोटे आणि मनगटे दुखू लागली. दंडांवर, मांड्यांवर, चेहऱ्यावर लाल, दुखऱ्या गाठी उठत. आठ-दहा दिवसांनी त्या बसत, काळपट डाग राहत, आणि पुन्हा नव्या उठत. प्रथम हिवताप म्हणून औषध झाले, मग विषमज्वर म्हणून. पावसाळा आला तेव्हा चिकुनगुन्या म्हणून झाले. शेवटी कोणी रक्त तपासून घेतले, त्यात संधिवाताची खूण निघाली, आणि संधिवात ठरला. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. आठवड्याभरात ताप उतरला, गाठी बसल्या, माणूस पाळीवर गेला. घरच्यांनी नवस फेडला. गोळ्या कमी केल्या तशा गाठी परत आल्या. असे दीड वर्ष चालले. दीड वर्षाने तो आमच्याकडे आला तो आजाराची तक्रार घेऊन नव्हे. तुटलेला धागा सांधायला त्याला वेळ लागतो, माग बंद राहतो, म्हणून मालकाने मजुरी कापली, ही त्याची तक्रार होती. धागा का सांधत नाही म्हणून आम्ही हात पुढे करायला सांगितला, तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले, आणि अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडलेला.

सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला तपासले. सदरा काढून खिडकीच्या उजेडात उभे केले. कानाच्या पाळ्या चिमटीत धरून पाहिल्या. त्या जाड झालेल्या होत्या. भुवयांचे बाहेरचे टोक विरळ झाले होते. कोपराच्या मागे बोट फिरवले, तो तो कळवळला. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यातला रस काचेवर घेतला. कुष्ठरोगाचे जंतू त्यात दाटीने होते. दीड वर्ष जे निदान झाले नव्हते, ते एका सकाळी झाले.

दुसरी एक बाई, घरी विड्या वळणारी. बाळंतपणाला तीन महिने झाले होते. हातावर एक जुना फिकट चट्टा होता, त्याकडे कधी कोणी लक्ष दिले नव्हते. तो एकाएकी लाल झाला, सुजून वर आला, कढत लागू लागला. पाठोपाठ मनगटापासून बोटांपर्यंत हात सुजला. शेजारणींनी धावरे म्हटले, कोणी किडा चावला म्हटले, आणि त्याप्रमाणे औषधही झाले. पण वस्तीतल्या आशाताईने एक प्रश्न विचारला: पान कापताना कात्री सुटते का? बाई म्हणाली, चार दिवस झाले, सुटते. आशाताईने तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले. हात सुजल्यापासून तेव्हा तीन आठवडे झाले होते. तिच्यावर काही महिने उपचार झाले, आणि आज ती पूर्वीइतक्याच विड्या वळते.

एकाला दीड वर्ष, दुसरीला तीन आठवडे. रोग दोघांनाही झाला आणि दोघांचाही बरा झाला. हात मात्र एकीलाच परत मिळाला. पहिला गृहस्थ आता मागावर नाही. तागे मोजण्याच्या कामावर आहे आणि त्याची मजुरी निम्म्यावर आली आहे.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. आम्ही ते जसे समजून घेतले तसे सांगतो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेमधल्या बर्गन गावी डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. हा जंतू फार संथ. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. याला दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत दोन ते पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्याला अंगातली थंड जागा आवडते: कातडी, नाक, कानाच्या पाळ्या, आणि हातापायांतल्या मज्जातंतूंचा कातडीजवळून जाणारा भाग. बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूला पुरून उरणारी प्रतिकारशक्ती उपजतच असते. त्यांना तो कधीच बाधत नाही. उरलेल्या थोड्यांपैकी ज्यांचा प्रतिकार बऱ्यापैकी आहे त्यांना दोन-चार चट्टे येऊन रोग तिथेच थांबतो. ज्यांचा प्रतिकार अजिबात नाही त्यांच्या अंगात जंतू कोट्यवधींनी वाढतात, आणि तरी माणसाला काही जाणवत नाही. या दोन टोकांच्या मधली माणसेही पुष्कळ असतात, आणि त्यांच्या अंगातला समतोल केव्हा ढळेल याचा नेम नसतो.

आता लक्षात घ्या. हा जंतू स्वतः फारसा विषारी नाही. नुकसान जे होते त्यातले बरेचसे शरीराने त्याच्याशी मांडलेल्या झगड्यामुळे होते. हा झगडा एकाएकी पेटला, की त्याला डॉक्टर मंडळी रिॲक्शन म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन.

पहिल्या प्रकारात मधल्या अवस्थेतल्या माणसाची झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि जंतू जिथे दडले आहेत तिथे चाल करून जाते. जुने चट्टे लाल होतात, सुजतात, हातपाय सुजतात, मज्जातंतू सुजतो. बाळंतपणानंतर हे घडण्याचा संभव असतो, कारण गर्भारपणात मंदावलेली प्रतिकारशक्ती त्या सुमारास पूर्ववत होत असते. विड्या वळणाऱ्या बाईंचे हेच झाले. दुसऱ्या प्रकारात ज्याचे अंग जंतूंनी भरलेले आहे त्याच्या रक्तात मेलेल्या जंतूंचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये यांचे पुंजके होतात आणि ते ठिकठिकाणी अडकतात. मग ताप येतो, लाल दुखऱ्या गाठी येतात, सांधे धरतात. डोळे लाल होऊन उजेड सोसत नाही, पुरुषांच्या वृषणांना सूज येते. मागावरच्या गृहस्थाचे हे झाले होते.

दोन्ही प्रकारांत खरा धोका मज्जातंतूला असतो. कोपराच्या मागच्या हाडाजवळ आपटले, की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांना आहे. तिथून जो मज्जातंतू जातो तो अरुंद नळीतून जातो. अरुंद बोळात गर्दी उसळली म्हणजे भिंतीलगतची माणसे चेंगरतात. तसेच सूज आली की नळीतल्या नळीत तो मज्जातंतू चेंगरतो. चेंगरल्याला थोडे दिवस झाले असतील तर सूज उतरवून तो सोडवता येतो. सहा महिन्यांच्या आतले नुकसान भरून येण्याची आशा चांगली असते. पुढे ती झपाट्याने मावळते. कधी कधी दुखल्याखुपल्याशिवाय, मुक्यानेच मज्जातंतूची शक्ती जाते. तेव्हा तर तपासल्यावाचून काही कळतच नाही.

आमच्या धंद्यातला एक दाखला दिला तर आपण रागावू नये. कारखान्यात संप झाला म्हणजे मालक म्हणतो, काल तर सगळे ठीक होते. काल ठीक नव्हते. असंतोष कित्येक वर्षांचा असतो, दिसतो मात्र त्या दिवशी. आणि जो व्यवस्थापक केवळ घोषणा बंद करण्याच्या मागे लागतो, त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा संपाला तोंड द्यावे लागते. रिॲक्शनचे असेच आहे. ताप ज्या दिवशी आला त्या दिवशी रोग आलेला नसतो. तो वर्षानुवर्षे गप्प होता. पुष्कळांना औषधोपचार चालू असताना रिॲक्शन येते, काहींना उपचार संपल्यानंतर येते. पण काही थोड्यांच्या बाबतीत रोगाने तोंडातून काढलेला पहिला शब्दच हा असतो. अशा वेळी केवळ तापाला गप्प बसवले तर मूळ कारण अंगात तसेच राहते.

निदान चुकण्याच्या वाटा कोणत्या, हे मुद्दाम सांगतो. चट्टा लाल होऊन सुजला की तो पित्त उठल्यासारखा, गजकर्णासारखा किंवा धावऱ्यासारखा दिसतो. गाठी आणि ताप असले की औषधाची अंगावर उठलेली ॲलर्जी किंवा क्षयाशी संबंधित गाठी वाटतात. सांधे धरले की संधिवात वाटतो. इथे एक विशेष फसवणूक आहे: अंगात कुष्ठरोगाचे जंतू भरपूर असले तर संधिवातासाठी करावयाच्या रक्ताच्या काही तपासण्या कुष्ठरोग्यातही होकारार्थी येतात. म्हणजे कागद खोटा नसतो, पण त्याचा अर्थ वेगळा असतो. चेहऱ्याचा चट्टा सुजून डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली की तोंडावरून वारे गेले म्हणतात. आणि सर्वांत मोठी फसवणूक स्टेरॉइडची. हे औषध रिॲक्शनवरही चालते. म्हणून दुसऱ्या कोणत्या आजारासाठी ते दिले तरी रोग्याला आराम पडतो, निदान बरोबर होते असे सर्वांना वाटते, आणि मुळातल्या जंतूंना मारणारे औषध मात्र पोटात जातच नाही.

मग खरे निदान कशाने होते? त्याला फार मोठे यंत्र लागत नाही, ही यातली समाधानाची गोष्ट आहे. तीन खुणा मानलेल्या आहेत. चट्ट्यावर निश्चित बधिरता असणे, ही एक. मज्जातंतू जाड झालेला असून त्याच्या ताब्यातल्या भागाची संवेदना किंवा शक्ती कमी होणे, ही दुसरी. कातडीच्या रसात जंतू सापडणे, ही तिसरी. तिन्हींपैकी एक जरी नक्की सापडली तरी निदान होते. शंका उरली तर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात.

चट्ट्याची तपासणी कशी करतात ते आपण पाहिले असेल. रोग्याला आधी उघड्या डोळ्यांनी समजावून सांगतात, मग डोळे मिटायला लावतात. कापसाच्या वातीने किंवा बॉलपेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतात आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगतात. मात्र एक सावधानता हवी. दुखऱ्या गाठींच्या प्रकारात कातडीची संवेदना पुष्कळदा शाबूत असते. कापूस कळला, सबब कुष्ठरोग नाही, असे तिथे म्हणता येत नाही. तिथे कानाच्या पाळ्या, भुवया, सारखे चोंदणारे नाक, पायांवरची सूज, कोपरामागचा आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मज्जातंतू पाहायचा, आणि कातडीचा रस तपासायचा. हाताची शक्ती पाहण्यासाठी करंगळी बाहेर काढायला लावून तिला विरोध करायचा, अंगठा वर उचलायला लावायचा. पायाचा चवडा वर उचलायला लावायचा. एवढे करायला पाव तासही लागत नाही. लागते ती एकच गोष्ट: हा रोग असू शकेल, असा विचार मनात येणे.

ही विद्या आपल्या प्रांताला परकी नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम सुरू केले. वर्ध्यालाच १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली घरोघर जाऊन तपासायचे, समजावून सांगायचे आणि घरीच ठेवून औषध द्यायचे, ही पद्धत तिथे घडली. बाबा आमट्यांचे आनंदवन तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास वळलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत, बधिर हाताला कळत नसलेल्या भाजण्या-कापण्याने ती झिजतात, हे दाखवून दिले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. बहुविध औषधोपचार म्हणतात तो हाच. जन्मभराचा रोग त्याने सहा ते बारा महिन्यांवर आणला.

मग एवढी परंपरा असताना निदान का हुकते? त्याचे एक कारण यशात आहे. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशाने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ असा होता की, उपचाराखाली असलेल्या रोग्यांचे प्रमाण दर दहा हजार लोकांत एकापेक्षा खाली आले. लोकांनी मात्र अर्थ घेतला की रोग संपला. रोग संपलेला नाही. आपल्या देशात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे असतात. पण कुष्ठरोगाचे वेगळे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले, जुने जाणते कर्मचारी एकेक करून निवृत्त झाले, आणि कोपरामागे बोट फिरवण्याची सवय कमी झाली. हत्यार चांगले असून उपयोग नाही, ते धरणारा हात तरबेज हवा, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

आता उपचाराविषयी थोडे. रिॲक्शन हा तातडीचा प्रसंग आहे. मज्जातंतूला धोका दिसला, की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते, आणि ते हळूहळू कमी करीत कित्येक महिने चालवावे लागते. मध्येच एकदम थांबवणेही धोक्याचे, आणि दुकानातून आपल्या मनाने घेत राहणेही धोक्याचे. दुखऱ्या गाठींच्या प्रकारावर थॅलिडोमाइड हे एक औषध आहे. त्याची हकीकत विलक्षण आहे. गर्भातल्या बाळांना त्याने भयंकर व्यंगे आणली म्हणून १९६१ साली त्याची विक्री थांबू लागली. त्यानंतर १९६४ च्या सुमारास जेरुसलेमच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. शेस्किन यांनी वेदनांनी झोप न येणाऱ्या एका रोग्याला ते केवळ झोपेसाठी दिले, आणि त्याच्या गाठी व ताप चटकन ओसरले. गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रीला मात्र ते देऊ नये, हा दंडक त्या बाळांच्या दुःखातून आलेला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: रिॲक्शन आली तरी बहुविध औषधोपचार थांबवायचा नसतो. इथेच माणसे अडखळतात. चट्टा मुका होता तोवर काही त्रास नव्हता. गोळ्या सुरू केल्या आणि अंग पेटले. साहजिकच रोगी म्हणतो, औषधाने रोग वाढला. त्यातच गोळ्यांनी लघवी लाल होते, कातडी काळवंडते. आधी कोणी सांगितलेले नसते. तो गोळ्या टाकून देतो, आणि लाजेने पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. गोळ्यांच्या पहिल्या पाकिटाबरोबर दोन वाक्ये सांगितली असती — मध्येच अंग सुजेल, ताप येईल, तसे झाले तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी या — तर पुष्कळ हात वाचतील.

शेवटी आमच्या नेहमीच्या विषयावर येतो. रोगाचे नाव घ्यायला डॉक्टर चुकतो, तसा रोगीही कचरतो, आणि त्याचे कारण पोटात आहे. नाव उच्चारले की काम जाईल, खोली सोडावी लागेल, मुलीचे लग्न मोडेल. ही भीती नुसत्या उपदेशाने जात नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्ट माहीत हव्यात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. त्याला कामावरून घरी बसवण्याला काही कारण नाही. रिॲक्शन तर संसर्गजन्य नाहीच. राज्य कामगार विमा योजनेच्या दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीत कुष्ठरोगाचे नाव आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदार कामगाराला त्यासाठी मजुरीच्या ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचा समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले. तथापि मागावरच्या, विडीच्या, बांधकामावरच्या बहुसंख्य मजुरांना विम्याचे कार्डच नाही, हेही तितकेच खरे. त्यांच्यासाठी भांडण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते आम्ही करीत राहू.

आपणांकडे आमची मागणी तीन गोष्टींची आहे. घरात, शेजारी, कामावर कोणाला महिनोन्महिने येऊन-जाऊन ताप, लाल दुखऱ्या गाठी, सांधेदुखी किंवा एकाएकी सुजलेला चट्टा असेल आणि औषधाने उतरून ते पुन्हा येत असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारा: हातातून वस्तू सुटते का? पायातली चप्पल नकळत निसटते का? अंगावर कुठे स्पर्श कमी कळतो का? एकाचेही उत्तर होय आले, तर त्याला सरकारी रुग्णालयात नेऊन कुष्ठरोगाची तपासणी करा असे स्पष्ट शब्दांत सांगा. हे म्हणायला डॉक्टर असावे लागत नाही. दुसरे, जो औषध घेत आहे त्याला रिॲक्शन आली तर गोळ्या टाकू देऊ नका, त्याच्याबरोबर जा. तिसरे, आपण मालक असाल, मुकादम असाल, घरमालक असाल, तर त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवा. निदान लवकर व्हावे असे वाटत असेल, तर निदान झाल्यावर माणूस उघड्यावर पडणार नाही याची हमी समाजाने आधी दिली पाहिजे.

मागावरच्या त्या गृहस्थाने एकदा आम्हांला विचारले होते: दीड वर्षात पाच दवाखाने झाले, सर्वांनी कागद पाहिले, मग एकानेही माझा हात हातात का घेतला नाही? त्याचे उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. पण पुढच्या माणसावर तो प्रश्न विचारण्याची पाळी येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.